अवकाश स्थानकातून ऑरोरा: फेरी कशी निवडायची आणि रंग कसे वाचायचे

ऑरोरा म्हणजे ध्रुवांजवळच्या रात्रीच्या आकाशात पडद्यासारखा लोंबणारा रंगीत प्रकाश. जमिनीवरून तो बघणारा माणूस या पडद्याच्या पायथ्याशी उभा असतो. डोक्यावर हिरवा आणि लाल एकमेकांत मिसळलेले दिसतात, पण कुठला रंग किती उंचीवर आहे हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या उंच्या मोजल्या, दोन वेगळ्या ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रं घेऊन आणि त्रिकोणमिती लावून. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून तोच पडदा बाजूने दिसतो: खाली बारीक गुलाबी काठ, त्यावर हिरव्याचा जाड पट्टा आणि वर विरत गेलेला लाल. साडी उलगडून धरावी तसं सगळं समोर. रंग बघितला की उंची कळते, आणि उंची कळली की वरून आलेल्या इलेक्ट्रॉनमध्ये किती जोर होता तेही कळतं.

पुढची कृती स्थानकाच्या खिडकीशी बसणाऱ्याच्या जागेवरून लिहिली आहे. पण तिथे कधीच न जाणाऱ्यालाही ती उपयोगी आहे. अंतराळवीरांनी काढलेली छायाचित्रं नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्राच्या संग्रहात सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि त्यांतला ऑरोरा शोधायला आणि ओळखायला हाच हिशेब लागतो.

आधी फेरी, मग खिडकी

स्थानक साधारण ४२० किमी उंचीवरून फिरतं. एक फेरी सुमारे ९३ मिनिटांची, म्हणजे दिवसाला साडेपंधरा फेऱ्या. कक्षेचा कल ५१.६ अंश असल्यामुळे ते ५१.६ अंश उत्तर आणि ५१.६ अंश दक्षिण या अक्षांशांच्या पलीकडे कधीच जात नाही. ऑरोराचं कडं, म्हणजे चुंबकीय ध्रुवाभोवतीचा त्याचा गोल पट्टा, मात्र शांत दिवशी ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशावर (भौगोलिक ध्रुवाऐवजी चुंबकीय ध्रुव धरून मोजलेला अक्षांश) असतं. मग ते दिसतं कसं?

एक कारण म्हणजे पृथ्वीचा चुंबकीय अक्ष भौगोलिक अक्षाला तिरका आहे. उत्तरेचा भूचुंबकीय ध्रुव साधारण ८१ अंश उत्तर, ७३ अंश पश्चिम इथे, कॅनडाच्या उत्तर टोकाला येतो. दक्षिणेचा ८१ अंश दक्षिण, १०७ अंश पूर्व इथे, अंटार्क्टिकावर. त्यामुळे स्थानक पूर्व कॅनडावर आपल्या उत्तर टोकाला असेल तेव्हा त्याचा चुंबकीय अक्षांश ६१ च्या घरात जातो. तेच टोक सैबेरियावर, १०७ अंश पूर्वेला आलं तर हाच आकडा ४२ वर उतरतो. अक्षांश तोच, पण दृश्यात जमीन-अस्मानाचा फरक.

दुसरं कारण उंची. ११० किमीवरचा प्रकाश समुद्रसपाटीवरच्या माणसाला फार तर साडेदहा अंश, म्हणजे ११७० किमीपर्यंत दिसू शकतो. स्थानकातून तोच प्रकाश जवळजवळ ३१ अंश, म्हणजे जमिनीवर मोजलं तर ३४०० किमीपर्यंत नजरेच्या टप्प्यात असतो. म्हणून योग्य रेखांशावर असाल तर शांत दिवशीही क्षितिजावर एक हिरवी कमान मिळते. चुंबकीय वादळाचीच, म्हणजे सूर्याकडून आलेल्या ऊर्जेने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघण्याचीच, वाट बघत बसण्याची गरज नाही.

तेव्हा उत्तरेसाठी १२० ते ४० अंश पश्चिम हा पट्टा धरा. दक्षिणेसाठी ६० ते १५० अंश पूर्व. आपल्या बाजूने खूण सांगायची तर कन्याकुमारीवरून सरळ दक्षिणेला जात राहिलं की केर्गेलेन बेटांच्या पूर्वेला जो ओसाड हिंदी महासागर लागतो तिथून ऑस्ट्रेलियाच्या खालपर्यंत. तिथे शहरं नाहीत, दिवे नाहीत, आणि ऑरोरा बघायला पृथ्वीवरच्या कुठल्याही समुद्रापेक्षा हा तुकडा चांगला आहे.

दर फेरीला स्थानकाचा मार्ग जमिनीवर सुमारे २३ अंश पश्चिमेला सरकतो. त्यामुळे दिवसाला सलग चार-पाच फेऱ्याच कामाच्या असतात. त्या प्रत्येक फेरीत ४५ अंशाच्या वर चढून टोकाला जाऊन परत उतरायला मिळतात साधारण १३ मिनिटं. सगळी तयारी या १३ मिनिटांसाठी करायची.

आता रात्रीचा प्रश्न. टोक योग्य रेखांशावर आलं, पण तिथे भरदुपार असेल तर काहीच दिसणार नाही. स्थानकाची कक्षा सूर्याच्या तुलनेत दिवसाला सुमारे ६ अंश मागे सरकते, म्हणजे त्याच अक्षांशावर पोचण्याची स्थानिक वेळ रोज २४ मिनिटांनी अलीकडे येते. आज उत्तर टोक मध्यरात्री गाठलं जात असेल तर महिन्याभराने ते भरदुपारी गाठलं जाईल आणि दक्षिण टोकावर मध्यरात्र असेल. एक महिना उत्तरेचा, पुढचा दक्षिणेचा, असा हा पाळीचा मामला आहे. त्यात ऋतूही बघावा लागतो. जूनमध्ये उत्तर टोकावर पुरता अंधारच होत नाही, तेव्हा दक्षिण धरा, डिसेंबरमध्ये उलट. शिवाय जून आणि डिसेंबरच्या आसपास कधीकधी कक्षेचं प्रतल सूर्याकडे इतकं तिरकं होतं की स्थानक काही दिवस सावलीत जातच नाही. त्या दिवसांत कॅमेरा काढूच नका.

वादळाचा अंदाज शेवटी बघा. सौर वारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर, एल-१ बिंदूपाशी असतात. इस्रोचं आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. वारा सेकंदाला ४०० किमी वेगाने येत असेल तर तिथल्या मोजणीनंतर तासाभराने तो पृथ्वीवर आदळतो, ८०० च्या वेगाने आला तर अर्ध्या तासाने. म्हणजे पक्की सूचना मिळते ती फार तर एका फेरीइतकी आधी. बघायचा तो आकडा म्हणजे सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, ज्याला सगळे बीझेड म्हणतात. तो दक्षिणेकडे वळलेला असेल, म्हणजे ऋण, आणि बराच वेळ ऋणच राहिला, तर पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची जोडणी होते आणि ऊर्जा आत शिरते. वारा कितीही वेगवान असला तरी बीझेड उत्तरेकडे असेल तर बहुधा निराशाच पदरी पडते.

केपी निर्देशांक, म्हणजे चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा आकडा, ५ झाला की कड्याची विषुववृत्ताकडची कड साधारण ५६ अंश चुंबकीय अक्षांशावर येते, ९ ला ४८ च्या आसपास. इथे एक गंमत लक्षात ठेवा. केपी ४ ते ६ असताना पडदा स्थानकाच्या ध्रुवाकडच्या बाजूला किंवा थेट खाली येतो. ८-९ झाला की स्थानकच कड्याच्या आत शिरतं आणि ऑरोरा विषुववृत्ताच्या बाजूलाही पसरतो. अशा वेळी सवयीने ध्रुवाकडेच नजर लावून बसलात तर पाठीमागचा अर्धा खेळ हुकतो.

खिडकी

स्थानकावरची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे कुपोला. फेब्रुवारी २०१० मध्ये ट्रँक्विलिटी मोड्यूलला जोडलेला हा सात काचांचा घुमट पृथ्वीकडे तोंड करून आहे: बाजूला सहा खिडक्या आणि मध्ये ८० सेंटिमीटरची गोल खिडकी. ऑरोरासाठी बाजूच्या खिडक्या लागतात, कारण बघायचं असतं ते क्षितिजाकडे. क्षितिज समोर नसतं, आडव्या नजरेच्या २० अंश खाली असतं, एवढं धरून कॅमेरा झुकवा. टोकाशी स्थानक सरळ पूर्वेकडे जात असतं. म्हणून उत्तरेच्या फेरीत प्रवासाच्या दिशेच्या डावीकडची बाजू घ्या, दक्षिणेच्या फेरीत उजवीकडची.

खरा शत्रू आतला उजेड. प्रत्येक खिडकीत एकामागे एक चार काचा असतात आणि लॅपटॉपचा एखादा हिरवा दिवाही त्यांत चार वेळा उमटतो. ऑरोराच्या फोटोत आकाशात तरंगणारा फिकट चौकोन दिसला तर तो बहुतेक वेळा आतल्या लॅपटॉपच्या स्क्रीनचं प्रतिबिंब असतो. उपाय साधा आहे. मोड्यूलमधले दिवे बंद करा, लॅपटॉपच्या स्क्रीन झाका आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड असं लावा की खिडकी आणि लेन्स यांच्याभोवती तंबू होईल. लेन्स काचेच्या जितकी जवळ आणि जितकी काटकोनात, तितकी ही प्रतिबिंबांची भुतं कमी. तिरकी धरली की तारे जोडीने दिसू लागतात.

डोळ्यांची तयारी वेगळी. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि स्थानकाची रात्र असते ३५ मिनिटांच्या आसपास. सूर्यास्त झाल्यावर सरावायला सुरुवात केली तर डोळे तयार होईपर्यंत पहाट येते. म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच झडपा लावून, मंद लाल उजेडात बसा. नाहीतर सरळ एका डोळ्यावर पट्टी बांधा आणि अंधार झाला की काढा.

आणखी एक व्यवहारातली बाब. व्यायामाची मोठी यंत्रं ट्रँक्विलिटीतच, कुपोलाच्या शेजारी आहेत. तिथे कुणी व्यायाम करत असेल तर दिवे बंद करता येत नाहीत. वेळापत्रकात तो तास मोकळा आहे का, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.

कॅमेरा

फुल-फ्रेम कॅमेरा, २४ किंवा २८ मिमीची एफ/१.४ लेन्स, रॉ फाइल, मॅन्युअल सगळं. चांगला उजळ पडदा असेल तर आयएसओ ३२०० आणि पाव ते अर्धा सेकंद; क्षितिजावरची फिकी कमान असेल तर आयएसओ ६४०० ते १२८०० आणि एक सेकंदापर्यंत. जमिनीवरची ५ किंवा १० सेकंदांची सवय इथे चालत नाही. का, ते आकड्यांत बघू.

स्थानक पृथ्वीकडे पोट ठेवून फिरतं, म्हणजे ९३ मिनिटांत ते स्वतःभोवतीही एक गिरकी घेतं. त्यामुळे चित्रातले तारे सेकंदाला ०.०६५ अंश सरकतात. ६ मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर २४ मिमी लेन्स लावली तर एक पिक्सेल म्हणजे ०.०१४ अंश. एका सेकंदात तारा साडेचार पिक्सेल ओढला जातो, पाव सेकंदात एक. ऑरोराचं याहून वाईट, कारण तो जवळ असतो. ८०० किमीवर बाजूला असलेला पडदा सेकंदाला अर्धा अंश मागे पळतो, म्हणजे एका सेकंदात ३५ पिक्सेल. किरणांच्या उभ्या रेघा पुसल्या जातात आणि उरतो तो हिरवा धूर. २५०० किमीवरचा पडदा याच्या तिसऱ्या हिश्श्याने सरकतो. प्रवासाच्या दिशेने समोर किंवा मागे, क्षितिजाजवळ बघितलं तर सरकणं जवळजवळ शून्य होतं. म्हणून उघडझाप वेगवान ठेवायला उजेड पुरत नसेल तर आयएसओ वाढवण्याआधी खिडकी बदला.

अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २००२-०३ च्या मोहिमेत स्थानकावरच्या सुट्या भागांतून जमिनीचा माग ठेवणारं साधन बनवलं होतं, त्याचं नाव इथे अनेकदा निघतं. ते होतं रात्रीच्या शहरांसाठी. जमिनीवरच्या एका बिंदूचा माग ठेवून क्षितिजावरच्या पडद्याला काही फायदा नाही. घट्ट क्लॅम्पचा साधा हात पुरतो.

फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठं करून हाताने जुळवा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. लेन्सवरची अनंताची खूण विश्वासाची नाही. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास कायम करून टाका. ऑटोवर ठेवला तर एखादं पिवळ्या दिव्यांचं शहर चौकटीत शिरताच कॅमेरा सगळं चित्र निळं करतो आणि लालाचा जांभळा होतो. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, कारण ते प्रत्येक चित्रामागे तितक्याच वेळाचं काळं चित्र घेतं आणि निम्मे क्षण वाया जातात. त्याऐवजी शेवटी लेन्सवर झाकण लावून दहा काळी चित्रं घ्या. वैश्विक किरणांनी मारलेले पिक्सेल स्थानकावरच्या प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यात असतात; ते या काळ्या चित्रांनी वजा होतात.

व्हिडिओ करायचा असेल तर सेकंदाला एक चित्र. १३ मिनिटांची ७८० चित्रं होतात, ३० फ्रेमच्या गतीने २६ सेकंदांची फिल्म. मग कॅमेऱ्याला हात लावू नका. भिंतीला लागलेला एक धक्का पुढच्या पाच-सहा चित्रांत दिसतो.

रंग कुठून येतात

सूर्याकडून निघालेले कण थेट ध्रुवांवर येऊन आदळतात, असं शाळेत सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. सौर वाऱ्याची ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकीय आवरणात, मुख्यतः रात्रीच्या बाजूला लांबलेल्या शेपटीत साठते. तिथून इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांवरून खाली येतात आणि शेवटच्या काही हजार किलोमीटरमध्ये त्यांना आणखी गती मिळते. वातावरणात पोचताना त्यांची ऊर्जा साधारण १ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. जितका जोर जास्त तितके ते खोल उतरतात: १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन १५० किमीच्या आसपास थांबतो, १० चा १०० किमीजवळ. वाटेत ते ऑक्सिजन आणि नायट्रोजनला धडकतात, ते अणू-रेणू उत्तेजित होतात आणि ती ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतात.

हिरवा आहे ऑक्सिजनच्या एकेकट्या अणूचा, ५५७.७ नॅनोमीटर. या अवस्थेतला अणू प्रकाश टाकायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. अणूंच्या जगात पाऊण सेकंद म्हणजे युग. एवढ्या वेळात दुसऱ्या कुणाची धडक बसली तर ऊर्जा तिकडेच जाते आणि प्रकाश निघतच नाही. म्हणून हिरव्याला विरळ हवा लागते. १०० ते १५० किमी हा त्याचा पट्टा: याहून खाली गर्दी फार, आणि एकेकटा ऑक्सिजनही कमी.

ही रेषा अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १८६०च्या दशकात वर्णपटात पकडली, पण ती प्रयोगशाळेतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. कारण प्रयोगशाळेच्या नळीतली हवा तशी दाटच, त्यात अणूंना पाऊण सेकंद कुणी शांत बसू देत नाही. अखेर १९२५ मध्ये टोरोंटोला मॅक्लेनन आणि श्रम यांनी ऑक्सिजनमध्ये हेलियम मिसळून ती रेषा काढून दाखवली.

लालही ऑक्सिजनचाच, ६३० नॅनोमीटर, सोबत एक फिकी रेषा ६३६.४ वर. त्याला लागणारी ऊर्जा कमी, १.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हिरव्याला ४.१७ लागते. पण लाल अवस्थेतला अणू थांबतो तब्बल ११० सेकंद. एवढा निवांतपणा २०० किमीच्या वरच मिळतो, खाली नायट्रोजनच्या धडकांनी तो विझतो. म्हणून लाल नेहमी वर. आणि म्हणूनच लालात बारीक किरण, थरथर, नाच काही दिसत नाही: पावणेदोन मिनिटांत झगमगाटाची सगळी टोकं पुसून जातात आणि मऊ पडदा राहतो. वादळात हा लाल ४०० किमीच्याही वर जातो, म्हणजे स्थानक अक्षरशः त्यातून उडत असतं. खिडकीबाहेर मात्र काही जाणवत नाही. आपल्या अवतीभोवतीचा थर डोळ्याला दिसण्याइतका जाड नसतो. तो दिसतो क्षितिजाकडे, जिथे शेकडो किलोमीटर लाल एकामागे एक साठलेला असतो.

निळा-जांभळा नायट्रोजनच्या आयनाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूचा, ३९१.४ आणि ४२७.८ नॅनोमीटरला. तो धडकेबरोबर लगेच निघतो, उशीर नाही. सेकंदाला अनेक वेळा फडफडणारा ऑरोरा असेल तर ती फडफड निळ्यात स्वच्छ दिसते, हिरव्यात गुळगुळीत होते. याच आयनाची स्थानकावरून दिसणारी एक खास करामत आहे. पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या सीमेजवळ खाली अंधार असतो पण पडद्याचा वरचा भाग उन्हात असतो. तिथले आयन सूर्यप्रकाश शोषून पुन्हा फेकतात आणि किरणांची टोकं जांभळी होतात. म्हणून पहाटेची निळी कड दिसू लागली तरी कॅमेरा लगेच बंद करू नका. शेवटची मिनिटं या जांभळ्याची असतात. सूर्याची कडच चौकटीत येणार असेल तेव्हा मात्र थांबवा.

गुलाबी काठ सगळ्यात खाली, १०० किमीच्या आसपास किंवा थोडा खालीही. जोरकस इलेक्ट्रॉन इतके खोल घुसले की हिरवा विझायला लागतो आणि नायट्रोजनच्या रेणूचे लाल-निळे पट्टे एकत्र येऊन किरमिजी-गुलाबी दिसतात. तो काही सेकंदच टिकतो आणि पडदा वेगाने हलत असतानाच येतो. गुलाबी दिसला की एक्स्पोजर अर्ध्यावर आणा. पुढच्या क्षणी हिरवा फाटून पांढरा होणार असतो.

पिवळा हा वेगळा स्रोत नाही. हिरवा आणि लाल एका रेषेत आले की पिवळा दिसतो, किंवा हिरवा जास्त एक्स्पोज झाला की कॅमेरा त्याला पिवळट करतो. दोन्हींत फरक करायचा असेल तर एक्स्पोजर एक पायरी कमी करा. तरीही पिवळाच राहिला तर मिश्रण खरं.

कॅमेऱ्यात दिसतो तितका लाल डोळ्याला दिसेल अशी आशा मात्र धरू नका. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तल्लख असतो आणि ६३० ला जवळजवळ आंधळा. मोठ्या वादळातच लाल नुसत्या डोळ्यांनी ठसठशीत दिसतो.

उंची मोजताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी गफलत एअरग्लोची. क्षितिजाला समांतर, सगळीकडे सारख्या जाडीची एक हिरवी पातळ रेघ प्रत्येक रात्रीच्या चित्रात असते, भारतावरच्या चित्रांतही. तीही ५५७.७ चीच, पण दिवसा सूर्यप्रकाशाने फोडलेला ऑक्सिजन रात्री पुन्हा जुळताना निघालेली, सुमारे ९५ किमीवर. तिला किरण नसतात, ती हलत नाही आणि विषुववृत्तावरही दिसते. समाजमाध्यमांवर 'भारतावरून ऑरोरा' म्हणून फिरणारी चित्रं बहुतेक हीच.

पण हीच रेघ फुकटची मोजपट्टी आहे. चित्रात पृथ्वीच्या काळ्या कडेपासून या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. ते ९५ किमी. मात्र तीच मोजपट्टी तशीच वर नेऊ नका. ४२० किमीवरून बघताना क्षितिजावरचे पहिले १०० किमी २.६ अंशांत मावतात, १०० ते २०० ला ३ अंश लागतात, २०० ते ३०० ला ३.८. वर जावं तसं चित्र ताणलं जातं. सरळ गुणाकार केला तर ३०० किमीवरचा लाल ३६० च्या घरात जाऊन बसतो.

दुसरी चूक अशी की ही मोजपट्टी फक्त बरोबर क्षितिजरेषेवर असलेल्या पडद्याला लागू आहे. पडदा त्याच्या अलीकडे असो की पलीकडे, तो चित्रात खऱ्या उंचीपेक्षा खालीच दिसतो. म्हणून हिरवा एअरग्लोच्या रेघेखाली, अगदी ढगांना टेकलेला दिसला तरी तो ढगांत नाही. ढग दहा-बारा किलोमीटरवर आणि ऑरोराचा पाय सुमारे शंभरावर. मध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटर रिकामे असतात.

घरून बघायचं तर

जॉन्सन केंद्राच्या संग्रहात प्रत्येक चित्राला तारीख, जीएमटी वेळ, लेन्स आणि स्थानकाखालच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. तो बिंदू चित्रातल्या दृश्याचा नाही, स्थानकाच्या बरोबर खालचा आहे. ऑरोरा तिथून दीड-दोन हजार किलोमीटर दूर असू शकतो. ४५ अंशांच्या वरचे बिंदू, वर दिलेले रेखांश आणि २४ ते ५० मिमी लेन्स अशी चाळणी लावा. थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे रात्री बहुधा काळे पडदेच दाखवतात, त्यांच्यापुढे जागत बसू नका.

सुरुवात १७ सप्टेंबर २०११ च्या मालिकेने करा. १७:२२ ते १७:४५ जीएमटी, म्हणजे आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास, स्थानक मादागास्करच्या दक्षिणेकडून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे गेलं आणि खाली हिंदी महासागरावर हिरवे साप वळवळत होते. रेखांश, महिना, तास, सगळं वरच्या नियमांत बसतं. आधी एअरग्लोची रेघ शोधा, मग हिरव्याचे उभे किरण, मग त्यांच्यावरचा लाल. रेघ आणि किरण वेगळे ओळखू आले की पुढे १०-११ मे २०२४ च्या वादळाकडे वळा.

त्या रात्री लडाखमधल्या हान्ले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही उत्तर क्षितिजावर लाल आभा टिपली होती. हिरवा अजिबात नाही, नुसता लाल. असे स्थिर लाल पट्टे मुख्य कड्याच्या विषुववृत्ताकडच्या बाजूला, सुमारे ४०० किमीवर होतात. तिथे इलेक्ट्रॉन तापतात, पण हिरव्याच्या ४.१७ पर्यंत पोचण्याइतके नाही, लालाच्या १.९६ पुरतेच. कक्षेतल्या चित्रांत ते ओळखायची खूण सोपी आहे: एअरग्लोच्या बऱ्याच वर एक गुळगुळीत लाल पट्टा आणि त्याच्याखाली हिरव्याचा मागमूस नाही.